पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाबा

सुदामा नगरात सकाळ कचऱ्याच्या गाडीने होते. इंदूरबाहेरच्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, पण इथे चार दिवस राहून गेलेल्यांना माहीत आहे. गाडी दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हाच तिच्या भोंग्यावरचं स्वच्छतेचं गाणं ऐकू येऊ लागतं आणि घराघरातून ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या फाटकाशी येतात. त्यांच्याबरोबर मुलंही येतात. लहान मुलांना या गाडीचं एवढं वेड का, ते मला सांगता येणार नाही, पण आहे खरं. शेजारच्या काकूंचा नातू तर गाणं कानावर पडलं की दुधाचा पेला तसाच टाकून पळतो.

आमची लेक पळत नसे. ती पायरीवर बाहुलीशी खेळत बसलेली असायची. गाडी अगदी आमच्या फाटकासमोर येऊन थांबली की मग एकदम तिचा चेहरा उजळायचा आणि ती टाळ्या वाजवायची. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. लक्षात आलेलं इतरांना पटवायला आणखी तीन. त्या तीन महिन्यांत मी जे जे ऐकलं त्याचा अर्थ थोडक्यात एवढाच होता: तुम्ही या वयात पहिल्यांदा बाप झालात, म्हणून उगीच घाबरता.

वयाचं म्हणणं खोटं नव्हतं. माझं लग्न त्रेचाळिसाव्या वर्षी झालं. कारणं आपल्या घरांत असतात तीच. वडिलांचं लांबलेलं आजारपण, दोन बहिणींची लग्नं, आणि मग ‘आता कशाला’ म्हणत काढलेली काही वर्षं. बायको माझ्याहून चार वर्षांनी लहान. लग्नानंतर दोन-अडीच वर्षं दवाखान्यांच्या फेऱ्या झाल्या. २०२१ च्या कायद्याने अशा उपचारांसाठी स्त्रीचं वय ५० च्या आत आणि पुरुषाचं ५५ च्या आत असावं लागतं. म्हणजे कायद्याच्या लेखी आम्ही तरुणच होतो. पण एका संध्याकाळी रिपोर्टची फाईल कपाटात ठेवताना बायको म्हणाली, “आपल्याला मूल हवंय ना? मग ते माझ्याच पोटातून यायला हवं असं कुठे आहे?” मला वाटतं मी त्याच क्षणी बाबा झालो. लेक मात्र पुढे तीन वर्षांनी आली.

दत्तक घेण्याचे नियम मी धंद्याच्या सवयीने वाचले. मी हिशेबनीस आहे, लोकांचे आयकराचे विवरण भरून देतो, त्यामुळे आकडे दिसले की आधी बेरीज करतो. इथे बेरीजच विचारतात. नवरा-बायकोच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत असेल तर दोन वर्षांपर्यंतचं बाळ मिळू शकतं. ९० पर्यंत असेल तर दोन ते चार वर्षांचं, १०० पर्यंत असेल तर चार ते आठ वर्षांचं आणि ११० पर्यंत असेल तर त्याहून मोठं मूल. आई-बाप दोघांपैकी प्रत्येकात आणि मुलात किमान २५ वर्षांचं अंतर हवं. आमची बेरीज नोंदणीच्या दिवशी ८८ होती. म्हणजे पाळण्यातलं बाळ आमच्या नशिबात नव्हतं, दुडूदुडू चालणारं मूल होतं. ते कळलं त्या रात्री बायको थोडी रडली. मी तिला समजावलं नाही, कारण मलाही वाईट वाटत होतं.

पुढचं सगळं ‘कारा’च्या म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या ऑनलाइन पोर्टलवरून होतं. नोंदणी, मग समाजसेविका घरी येऊन करते तो गृह-अहवाल, मग वाट पाहणं. आमची वाट दोन वर्षं आणि काही महिन्यांची होती. नंतर मुलाची माहिती येते, आणि ते मूल आपल्यासाठी राखायचं की नाही हे ४८ तासांत सांगायचं असतं. शेवटचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. ‘दत्तक’ म्हटलं की आमच्या आईच्या डोळ्यांसमोर मांडव, भटजी आणि मांडीवर बसवलेला मुलगा येई, आणि त्यात तिची चूक नाही. इंदूरची गादीच दत्तकावर चालत आली आहे. दुसरे तुकोजीराव होळकर १८४४ मध्ये दत्तक म्हणूनच गादीवर बसले तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचे होते. पण ते दत्तक वंशासाठी आणि राज्यासाठी. मुलगी दत्तक घेण्याला हिंदू कायद्यात सरसकट जागा मिळाली ती १९५६ साली. आईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी! मग लोक अजून मुलगाच का मागतात रे?” याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं.

लेक घरी आली तेव्हा सव्वादोन वर्षांची होती. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. ती मोठी झाली की तिची गोष्ट कोणाला किती सांगायची ते ती ठरवेल.

पहिल्या आठवड्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढे मी माझ्या मनाच्या कौलाची फुशारकी मारणार आहे, तेव्हा आधी तो कसा चुकला तेही सांगितलं पाहिजे. तिच्या उशीखाली मला अर्धी पोळी सापडली. दुसऱ्या दिवशी आणखी एक, वाळलेली. मला वाटलं, मुंग्या येतील, सवय लागेल. म्हणून मी ती उचलली आणि तिला गोड आवाजात समजावलं की पोळी ताटातच खायची असते. ती रडली. पण आवाज न करता. डोळ्यांतून पाणी, आणि तोंड मिटलेलं. मी हात हातात घ्यायला गेलो तर तिने तो मागे लपवला.

बायकोने स्वयंपाकघरातून एक छोटा स्टीलचा डबा आणला, त्यात थोडी बारीक सेव आणि दोन बिस्किटं घातली, आणि तिच्या पलंगाशेजारी, तिच्या हाताला येईल असा ठेवला. रोज रात्री ती डबा उघडून बघायची, कधी खायची, बहुतेकदा नुसतंच झाकण लावायची. साधारण दीड महिन्याने एका रात्री ती डबा न बघता झोपली. समाजसेविका नंतर म्हणाल्या की संस्थेतून आलेल्या मुलांमध्ये हे बरेचदा दिसतं. उद्या मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून साठवण. माझ्या मनाने मुंग्यांचा विचार केला होता.

बरं, वयाचं. अन्नपूर्णा मंदिराच्या परिसरात तिला घेऊन जायचो तेव्हा हमखास कोणीतरी म्हणायचं, “दादाजी, बिटिया को संभालो, सीढ़ी है.” पहिल्यांदा मी दुरुस्त केलं. दुसऱ्यांदा हसलो. तिसऱ्यांदा तिनेच वर बघून माझ्या पांढऱ्या दाढीला हात लावला आणि मी रंग लावण्याचा विचार सोडून दिला. माझ्या वर्गातल्या मित्राची मुलगी याच वर्षी पुण्याला इंजिनियरिंगला गेली. तो मला होस्टेलची फी सांगत होता आणि मी त्याला डायपर कुठल्या दुकानात स्वस्त मिळतात ते.

हसण्यावारी नेता येत नाही ती रात्रीची बेरीज. ती दहावीला असेल तेव्हा मी ६२. ती पंचवीसची होईल तेव्हा मी ७२. उशिरा बाप झालेला प्रत्येक माणूस हा हिशेब करतो आणि कोणाला सांगत नाही. मी कागदावर जे करता येतं ते केलं. मुदतीचा विमा वाढवला, मृत्युपत्र केलं, आमच्या दोघांनंतर तिचा सांभाळ कोणी करायचा ते बहिणीशी स्पष्ट बोलून त्यात लिहिलं. उशिरा आई-बाप झालेल्या वाचकांना माझं एवढंच सांगणं आहे की हे काम पुढे ढकलू नका. ते अशुभ वगैरे काही नाही. झाल्यावर मला चांगली झोप लागली.

तरी वर्षांचा हिशेब डोक्यातून जाईना. तेव्हा आमच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक म्हणाले, “महर्षी कर्व्यांचं बघा.” बघितलं. धोंडो केशव कर्वे जन्मले १८५८ साली. त्यांचे चिरंजीव दिनकर, म्हणजे इरावतीबाईंचे यजमान, जन्मले १८९९ साली. त्या काळच्या मानाने चाळिशी ओलांडलेला बाप म्हणजे म्हातारा बाप. आणि कर्वे गेले ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी, तेव्हा हा मुलगा स्वतः साठी उलटून गेलेला होता. माझ्या काळजीवर याहून चांगलं औषध नाही, असं मला दोन दिवस वाटलं.

मग मी आनंदीबाईंचं ‘माझे पुराण’ वाचलं. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि उरलेलं सगळं आयुष्य हिंगण्याच्या आश्रमाला दिलेलं. कामाची थोरवी निर्विवाद आहे, आपण त्यांना हात जोडतो तो उगीच नाही. पण घर आणि मुलं ओढली ती मुख्यतः बाया कर्व्यांनी. म्हणजे मुलाला बाप साठ वर्षं होता, पण त्यातले दिवसाचे तास किती मिळाले, हा वेगळा प्रश्न. मी वर्षं मोजत बसलो होतो. तास मोजायला हवेत हे माझ्या ध्यानात तिथे आलं. वर्षं माझ्या हातात नाहीत. तास आहेत, माझं कार्यालय म्हणजे घराच्या पुढच्या खोलीतलं एक टेबल, आणि रिटर्नचा हंगाम सोडला तर मला कोणी साहेब नाही.

सगळ्यांचं असं नसतं हेही खरं. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला बाप झाल्यावर १५ दिवसांची रजा मिळते, पण दत्तक मूल असेल तर ते एक वर्षाच्या आतलं असावं लागतं. सव्वादोन वर्षांचं मूल पहिल्यांदा घरात येतं तेव्हा बापाची गरज कमी असते, असं नियम करणाऱ्याला वाटलं असावं. त्याच्या उशीखाली पोळी सापडायला हवी होती.

आता कचऱ्याच्या गाडीकडे येतो.

लेक बोलत नव्हती. एखाद-दुसरा शब्द, तोही अर्धवट. यावर प्रत्येकाकडे स्पष्टीकरण होतं आणि प्रत्येक स्पष्टीकरण पटण्याजोगं होतं, हीच खरी अडचण. संस्थेत ती हिंदी ऐकत आलेली, आमच्या घरात मराठी, तेव्हा गोंधळली असेल. नवीन घर, नवीन माणसं, तेव्हा बुजली असेल. आईचं म्हणणं, मीसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. (हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं.) शेजारच्या काकू म्हणाल्या, “अरे, ती सगळं ऐकून राहिली आहे, नुसते नखरे करून राहिली आहे. लाडावून ठेवलीय तू.” एका नातेवाइकांनी आवाज खाली करून सांगितलं की रक्ताचं नसलं की आतून कळत नाही, त्यामुळे तू फार मनाला लावून घेऊ नकोस. माणूस वाईट नाही. पण ते वाक्य मी विसरलेलो नाही.

ज्या बालवाडीत तिला घातलं तिथल्या बाईंनी सांगितलं की मूल हट्टी आहे, हाक मारली तर बघत नाही, आणि घरी मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. हे ऐकून मी आठवडाभर खरोखर हिंदी बोललो. आमच्या घरात तीन पिढ्या इंदुरात राहून मराठी टिकली आहे, आणि मी माझ्या लेकीशी एकेक वाक्य जुळवून हिंदीत बोलतो आहे, आई बाजूला गप्प. आठव्या दिवशी मला वाटलं की हे खोटं आहे. ते तिलाही कळतंय. दोन भाषांमुळे मूल मुकं राहत नाही, हे आता तज्ज्ञही सांगतात. दोन भाषांच्या घरातली मुलं दोन्ही मिळून तेवढेच शब्द शिकतात. आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांना हा सल्ला फार सहज दिला जातो. कृपा करून एकदम ऐकू नका.

माझं मन वेगळंच काही सांगत होतं, आणि ते कशावरून सांगतंय ते मला सांगता येत नव्हतं. म्हणून मी एक वही केली. हिशेबनिसाला वहीशिवाय सुचत नाही. रोज रात्री दिवसभरात तिच्याबद्दल जे खटकलं ते लिहायचं. महिनाभराने वही वाचली तर त्यात पुन्हा पुन्हा त्याच गोष्टी होत्या. मी समोर बसून बोललो तर ती माझ्या तोंडाकडे बघते, डोळ्यांकडे नाही. पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, पण पाय आपटला तर वळते. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहते. सर्दी झाली की आणखी गप्प होते. आणि गाडीचं गाणं तिला दुरून कळत नाही, समोर आल्यावर कळतं.

ही वही लिहिताना मला गिजुभाई बधेका आठवत होते. गुजरातेतल्या या वकिलाला १९१३ साली मुलगा झाला आणि मूल कसं वाढवायचं हे शोधता शोधता त्यांनी वकिलीच सोडली. १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. आपल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे जाऊन त्यांच्याबरोबर काम करू लागल्या आणि पुढे तेच बालशिक्षण त्यांनी महाराष्ट्रात आणलं, बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेलं. गिजुभाईंना लोक ‘मूछाळी मा’ म्हणत, म्हणजे मिशा असलेली आई. मला हे नाव फार आवडतं. त्या माणसाची सगळी विद्या एका सवयीवर उभी होती: मुलाला काही शिकवायच्या आधी त्याच्याकडे बघत बसायचं. घरात एवढा वेळ बघत कोण बसतं? आजी, आई. बाप बसला की तो रिकामटेकडा.

वही घेऊन मी एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ती उघडलीही नाही. दिव्याने कान बघितले, म्हणाले मळ नाही, लाली नाही, मुलं उशिरा बोलतात, सहा महिने थांबा. बाहेर पडताना हसून म्हणाले, “पहला बच्चा है न?” मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की डॉक्टर थांबा म्हणतात. ती म्हणाली, “आणि तू काय म्हणतोस?”

यावर उत्तर देणं मला जड गेलं. पन्नाशीला आलेला माणूस आपल्या कामात रोज पन्नास निर्णय घेतो, पण बापपणात तो उमेदवार असतो. पंचविशीतला बाप निदान चुका करायला बिनधास्त असतो. आपल्याला चुकायला वेळ कमी आहे असं वाटत राहतं. म्हणून आपण आपल्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या बालवाडीच्या बाईंचं, काकूंचं, फोनवर आलेल्या व्हिडिओचं सगळ्यांचं ऐकतो, आणि स्वतः डोळ्यांनी बघितलेलं शेवटी ठेवतो.

त्याच सुमारास समाजसेविका पाहणीला आल्या. दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, त्या येतात. मी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, माझा भ्रम असेल. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “आप दिन में कितने घंटे इसके साथ रहते हैं?” मी मोजलं. सात, कधी आठ. त्या म्हणाल्या, “फिर भ्रम नहीं होगा. जांच कराइए.”

हे त्यांनी अनुभवाने सांगितलं, पण याला अभ्यासाचाही आधार आहे असं मला पुढे वाचनात आढळलं. फ्रान्समधल्या संशोधकांनी फ्रान्स आणि काँगो या दोन देशांत आई-बापांना अनेक बाळांच्या रडण्याचे आवाज ऐकवले आणि आपलं बाळ ओळखायला सांगितलं. २०१३ साली ते प्रसिद्ध झालं. आईला जन्मजात कळतं आणि बापाला कळत नाही हा समज त्यात टिकला नाही. बाळाबरोबर दिवसाचे चार तासांहून जास्त घालवणारे बाप आयांच्या बरोबरीने ओळखत होते. ज्यांचा वेळ कमी, त्यांच्या चुका जास्त. दुसऱ्या वर्षी इस्रायलमधल्या एका अभ्यासात बापांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली. आईविना, दोन पुरुषांनी मूल वाढवलेली घरंही त्यात होती. मुलाची मुख्य जबाबदारी ज्याच्यावर, त्याच्या मेंदूत ती सावधगिरी दिसत होती जी आपण आईची म्हणून ओळखतो, आणि ती सांभाळण्याच्या तासांबरोबर वाढत होती. माझ्या त्या नातेवाइकांना मी हे वाचून दाखवणार होतो. नंतर राहू दिलं.

आम्ही ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्याकडे गेलो. कानात एक मऊ बोंडी घालून हवेचा किंचित दाब देतात आणि पडदा किती हलतो ते यंत्र कागदावर काढतं. एक मिनिटाचं काम, दुखत नाही. निरोगी कानाची रेघ डोंगरासारखी वर जाऊन खाली येते. आमच्या लेकीच्या दोन्ही कानांची रेघ सपाट होती.

पडद्यामागे चिकट पाणी साचलेलं. यात ताप नसतो, ठणका नसतो, कान वाहत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. शाळेत जायच्या वयाच्या आतल्या मुलांत हे फार आढळतं आणि बहुतेकांचं तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. ते असेपर्यंत मुलाला जग दोन्ही कानांत बोटं घातल्यासारखं ऐकू येतं. मोठा आवाज पोचतो, समोरचं बोलणं ओठांच्या मदतीने थोडंफार पोचतं, मागून मारलेली हाक पोचत नाही. म्हणून ती पाय आपटल्यावर वळायची. म्हणून ती हट्टी होती.

बायकोने बालवाडीत जाऊन शांतपणे रिपोर्ट दाखवला. बाईंचे डोळे भरले, आणि मग त्यांनी तिला पुढच्या ओळीत, खिडकीकडे पाठ करून बसवलं, म्हणजे बाईंच्या चेहऱ्यावर उजेड पडेल. एवढा विचार मीही केला नव्हता.

तीन महिने वाट बघितली. पाणी हटलं नाही. मग पडद्यात बारीकशी नळी, ग्रोमेट, बसवायचं ठरलं. छोटी शस्त्रक्रिया, पण भूल द्यावी लागते. तिला आत नेलं तेव्हा दाराशी उभ्या नर्सने मला विचारलं, “आप नाना हैं या दादा?” मी म्हटलं, “पापा.” ती ओशाळली. पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटलं नाही, कारण डोक्यात दुसरंच होतं: मी चुकीचा असतो तर बरं झालं असतं.

ज्यांच्या घरात उशिरा बोलणारं मूल आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. भाषा, लाड, स्वभाव, टीव्ही यांच्या वादात पडायच्या आधी कानांची तपासणी करून घ्या. नुसतं दिव्याने बघणं म्हणजे ऐकण्याची तपासणी नव्हे. आणि पैशांसाठी थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांची अशी पाहणी होते, त्यात ऐकण्याचे दोषही येतात, आणि पुढच्या तपासण्या-उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात, तेही मोफत. अंगणवाडीच्या ताईंना विचारलं की त्या वाट दाखवतात.

माझं मन त्यानंतरही चुकलंच. परवाच तिच्या पोटात दुखतंय म्हणून मी मध्यरात्री गाडी काढायला निघालो, तर बायको म्हणाली की तिने संध्याकाळी शेजारी जाऊन चार जिलब्या खाल्ल्या आहेत. काकूंनी दिलेल्या. नखरे वगैरे काकू आता म्हणत नाहीत. उलट आपला नातू जरा अडखळला तरी मला विचारायला येतात, जसा काही मी डॉक्टर.

नळ्या बसवल्यानंतरच्या पाचव्या-सहाव्या दिवसाची गोष्ट. सकाळी मी वर्तमानपत्र उघडून पायरीवर बसलो होतो, ती खालच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. बाहुलीचे केस विंचरणं चाललं होतं. विंचरता विंचरता तिचा हात थांबला. मी काही ऐकलं नव्हतं, पन्नाशीचे कान. तिने मान वर केली, गल्लीच्या टोकाकडे बघितलं, तिथे काहीच नव्हतं. मग मला ऐकू आलं, दोन गल्ल्या पलीकडचं, फार बारीक.

ती उठली आणि वळून म्हणाली, “बाबा, गाडी येऊन राहिली!”

काकूंचं मराठी. मी दुरुस्त केलं नाही. बादल्या मात्र भरायच्या राहिल्याच होत्या, त्या दिवशी गाडी तशीच पुढे गेली.